गावाचा पैसा नमुना ८ पासून सुरू होतो

रिझर्व्ह बँकेनं जानेवारी २०२४ मध्ये देशातल्या पंचायतींच्या पैशाचा हिशोब मांडला. २०२२-२३ साली एका पंचायतीला स्वतःच्या करांतून सरासरी २१ हजार रुपये मिळाले, बाकीच्या स्वतःच्या उत्पन्नातून ७३ हजार, आणि केंद्राच्या अनुदानातून सुमारे १७ लाख. घरपट्टी-पाणीपट्टीची परंपरा महाराष्ट्रात जुनी आहे, त्यामुळे आपल्याकडचं चित्र या सरासरीपेक्षा बरं आहे. तरी प्रमाण साधारण तसंच: येणारा मोठा पैसा वरून येतो आणि येताना स्वतःचा हेतू सोबत घेऊन येतो.

घटनेच्या अनुच्छेद २४३-ज मध्ये पंचायतीला कर बसवण्याचा अधिकार देता येईल असं म्हटलं आहे. आपल्याकडे तो १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमातल्या कलम १२४ नं आधीपासूनच आहे. म्हणजे अधिकाराची वाण नाही. जळगाव, धुळे, नंदुरबार या तीन जिल्ह्यांतल्या बहुतेक गावांत अडतं ते आकारणीत, वसुलीत आणि दप्तरात. ही कामं कंटाळवाणी आहेत, त्यांचा फोटो काढता येत नाही, उद्घाटन होत नाही. पण गाव स्वतःच्या मनानं एखादं काम करू शकतं की नाही, हे तिथंच ठरतं.

आयोगाचा पैसा किती मोकळा?

पंधराव्या वित्त आयोगाचा (२०२१ ते २०२६) निधी घ्या. महाराष्ट्रात त्याचे ८० टक्के ग्रामपंचायतीला, १० टक्के पंचायत समितीला आणि १० टक्के जिल्हा परिषदेला, अशी वाटणी झाली. गावाला समजा १० लाख आले. त्यातले ६ लाख बंधित: ३ लाख पाण्यावर आणि ३ लाख स्वच्छतेवर. राहिले ४ लाख अबंधित, पण त्यातूनही पगार आणि आस्थापनेचा खर्च चालत नाही. शिवाय काम आराखड्यात असलं पाहिजे, आराखडा ई-ग्रामस्वराज या पंचायतींच्या संकेतस्थळावर चढलेला असला पाहिजे, आणि पैसा सरपंच व ग्रामपंचायत अधिकारी या दोघांच्या डिजिटल सहीनंच निघतो. (ग्रामसेवक हे पद २०२४ पासून ग्रामपंचायत अधिकारी झालं, गावात अजून ग्रामसेवकच म्हणतात.)

याच निधीतून आपले सरकार सेवा केंद्राच्या संगणक चालकापोटी महिन्याला १२ हजार ३३१ रुपये ग्रामपंचायतींना भरावे लागले. वर्षाचे जवळजवळ दीड लाख. केंद्र हवं की नको हा प्रश्न वेगळा. कोणत्या सेवेला किती मोजायचे हे गावाला कुणी विचारलं नाही, एवढं खरं. लहान गावाच्या अबंधित हिश्श्यातून दीड लाख वजा केले तर हातात काय उरतं, ते ज्यानं त्यानं आपल्या गावाच्या आकड्यावरून पाहावं.

दुसरी अडचण वेळेची. निवडून आलेली संस्था नसेल तर आयोगाचा पैसा थांबतो. जळगाव जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि प्रशासक आला. धुळे-नंदुरबारच्या निवडणुका जानेवारी २०२० मध्ये झाल्या होत्या, त्यामुळे तिथं ती वेळ २०२५ मध्ये आली. निवडणुका लांबणं गावाच्या हातात नाही, पण जिल्हा परिषद आणि पंचायत समितीच्या हिश्श्यातून होणारी रस्त्या-गटारीची कामं मात्र गावचीच अडतात.

म्हणून स्वनिधी, म्हणजे गावाचं स्वतःचं उत्पन्न. त्याला वरची मंजुरी कमीत कमी लागते, तो कुणाच्या हप्त्याची वाट पाहत नाही, आणि ऐन मे महिन्यात मोटर जळाली तर त्याच दिवशी वाइंडिंगला टाकता येते.

धाबं पडलं, स्लॅब आला, नोंद तशीच

घरपट्टीचा पाया म्हणजे नमुना ८, कर आकारणी नोंदवही. त्यावरून नमुना ९, म्हणजे मागणी नोंदवही, तयार होते. नमुना ८ मध्येच घर चुकीचं लागलं असेल तर वसुली शंभर टक्के करूनही गावाचं नुकसान होतच राहतं, आणि ते कागदावर कुठं दिसतही नाही. टक्केवारीचे सत्कार घेणाऱ्या गावांनी हे जरूर तपासावं.

३१ डिसेंबर २०१५ च्या दुरुस्तीपासून घरपट्टी भांडवली मूल्यावर आहे. हिशोब असा: इमारतीचं क्षेत्रफळ गुणिले जमिनीचा वार्षिक मूल्यदर, अधिक क्षेत्रफळ गुणिले बांधकामाचा दर गुणिले घसाऱ्याचा दर, या बेरजेला वापराचा भारांक लावायचा. राहत्या घराला भारांक १, दुकानाला १.२५. जे मूल्य येईल त्याच्या दर हजारी कर. मातीच्या घराला हा दर ३० ते ७५ पैसे, आरसीसीला १ रुपया २० पैसे ते २ रुपये. या चौकटीत नेमका दर ग्रामपंचायत ठरावानं घेते.

आकडे घालून पाहू. दर समजुतीसाठी घेतले आहेत. खरे दर शासनाच्या वार्षिक दरपत्रकातून, आपल्या गावाच्या नावासमोरचेच घ्यायचे. घर ५६ चौरस मीटर, म्हणजे सुमारे ६०० चौरस फूट. जमिनीचा दर ५०० रुपये, आरसीसी बांधकामाचा १५ हजार, घसारा ०.९०. जमिनीचे २८ हजार, बांधकामाचे ७ लाख ५६ हजार, मिळून ७ लाख ८४ हजार. हजारी १ रुपया २० पैशांनी ९४१ रुपये. याच जागी दुकान असतं तर १,१७६. आता तेवढंच जुनं धाब्याचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं घर: बांधकामाचा दर ५ हजार, घसारा ०.५०, म्हणजे १ लाख ४० हजार अधिक जमिनीचे २८ हजार. १ लाख ६८ हजारांवर हजारी ५० पैशांनी ८४ रुपये.

म्हणजे ही पद्धत गरिबाच्या घराला सांभाळून घेते. पण खानदेशात गेल्या वीस-पंचवीस वर्षांत गल्लीच्या गल्ली धाबी पाडून स्लॅबची झाली, आणि पुष्कळ ठिकाणी नमुना ८ मध्ये अजून 'माती-विटांचे धाबे' असाच शेरा आहे. वरच्या उदाहरणात एका घरामागे ८५७ रुपयांचा फरक पडतो. अशी शंभर घरं सुटली तर वर्षाला ८५ हजार ७०० आणि चार वर्षांत जवळजवळ साडेतीन लाख. फेरआकारणी दर चार वर्षांनी करायची असते, म्हणून हिशोब चारनं केला. दोन फेऱ्या हुकल्या तर आठनं करावा.

फेरआकारणी फसण्याची कारणं ठरलेली आहेत. पहिलं, मोजणी घरोघर टेप लावून होत नाही. जुन्या वहीवर दहा टक्के वाढवून नवी वही लिहिली जाते. त्यात ज्याचं घर बदललं नाही त्याचा कर वाढतो, आणि ज्यानं मजला चढवला तो सुटतो. लोकांचा राग घरपट्टीवर नसतो, या अन्यायावर असतो. टेप बाहेरून लावायचा, मजले वेगळे मोजायचे, ओट्यावरची टपरी आणि घरातली पिठाची गिरणी वापराच्या रकान्यात वेगळी दाखवायची. पंचमंडळातला एक सदस्य आणि त्या वॉर्डातले दोन जाणते गावकरी सोबत असले की घरमालक टेपचं दुसरं टोक स्वतः धरतो. रोज तीस-चाळीस घरं होतात. पाचशे घरांचं गाव तीन आठवड्यांत संपतं.

दुसरं, हरकती. यादी प्रसिद्ध करून हरकती मागवल्या नाहीत, किंवा मागवल्या पण सुनावणीचं टिपण ठेवलं नाही, तर पंचायत समितीकडच्या अपिलात सगळी आकारणी अडकते. मग पुढारी 'वर गेलंय' म्हणून जुनाच दर चालू ठेवतात. प्रत्येक हरकतीवर एक ओळ तरी कारणासह निर्णय हवा: मान्य, अमान्य, किती चौरस मीटरवरून किती. हा कागद नसेल तर बाकीची मेहनत वाया जाते.

तिसरं, दराचा ठराव. किमान दर घेऊन मोकळं होण्याची सवय आहे. पाच वर्षांतून एकदा निवडणूक, चार वर्षांतून एकदा आकारणी. मधे कुठंतरी दोन्ही जवळ येतात आणि दर तळाला बसतो. माझं मत स्पष्ट आहे: आरसीसीला मधला दर आणि मातीच्या घराला तळाचा, असा ठराव गावात टिकतो, कारण तो समजावून सांगता येतो.

स्वामित्व योजनेत ड्रोननं मोजलेल्या गावांना मिळकत पत्रिकेमुळे गावठाणातल्या जागांचा आयता नकाशा मिळाला आहे. त्यात जागा मिळते. इमारत कशाची, किती मजल्यांची, हे पाहायला गल्लीत जावंच लागतं. आणि नमुना ८ चा उतारा हा मालकीचा पुरावा नाही, कर कुणाकडून घ्यायचा एवढ्यापुरता तो आहे. गावातली निम्मी भांडणं हे न समजल्यामुळे होतात.

गावठाणाबाहेर पाहा. रस्त्याकडेची जिनिंग, केळीचे पिकवण केंद्र, शीतगृह, पेट्रोल पंप, ढाबे, मोबाईल मनोरे, बिनशेती प्लॉटवरचे बंगले. गावातल्या शंभर घरांपेक्षा यांतल्या दोन मिळकतींची आकारणी मोठी असते, आणि त्याच नोंदी राहून जातात. शोधायची सोपी वाट: दुय्यम निबंधकाकडची खरेदीखतांची सूची क्रमांक दोन, महावितरणची व्यापारी जोडण्यांची यादी आणि तलाठ्याकडचे बिनशेती आदेश. तीन कागद नमुना ८ शेजारी ठेवले की सुटलेल्या मिळकती दिसतात. खरेदी-विक्रीवरच्या १ टक्का जादा मुद्रांक शुल्कातला निम्मा वाटा ग्रामपंचायतीचा असतो, तो बरोबर आला का हेही त्याच सूचीवरून ताडता येतं.

कारखान्याशी कलम १२५ खाली ठोक रकमेचा करार करता येतो. त्यात मुदत आणि दरवर्षीची वाढ लिहिलेली नसेल तर तीच रक्कम वर्षानुवर्षं येत राहते. साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या, आता सौर प्रकल्प येत आहेत. जमीन देताना भाडं, नोकऱ्या, रस्ता यांची बोलणी होतात. नियंत्रण कक्ष, उपकेंद्र, कर्मचाऱ्यांच्या खोल्या, गोदाम यांची आकारणी त्याच वेळी नमुना ८ वर घ्यायची असते. प्रकल्प एकदा हस्तांतरित झाला की मागणीचं बिल कुणाच्या नावानं काढायचं यातच वर्ष जातं.

बिल कधी द्यायचं

मागणीची बिलं एप्रिलमध्ये निघतात आणि वसुलीची धावपळ मार्चमध्ये होते. कोरडवाहू कापसाच्या गावात मार्चमध्ये हातात पैसा नसतो. कापूस दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत विकला जातो. अमळनेर, पारोळा, शिंदखेडा भागात वसुलीचे दिवस म्हणजे नोव्हेंबर ते जानेवारी. केळीपट्ट्यात, रावेर-यावल-चोपड्याला, केळीची कापणी वर्षभर थोडी थोडी चालते. तिथं दर तीन महिन्यांनी फेरी काढली तरी चालते. सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या शेतगड्याचं, साल आखाजीला (अक्षय तृतीयेला) बदलतं, हातात उचल असते आणि गावात माणसं असतात; मजूर वस्तीची घरपट्टी त्या आठवड्यात येते. नंदुरबारच्या डोंगरपट्ट्यातली कुटुंबं दिवाळीनंतर ऊसतोडीला आणि गुजरातला जातात, होळीला परत येतात. तिथं जानेवारीत कुलूपबंद घरावर नोटीस चिकटवून काय मिळणार? होळीआधीच्या भोंगऱ्या बाजाराच्या आठवड्यात पाड्यावर बसलं तर पैसेही मिळतात आणि बोलणंही होतं.

वर्षाच्या पहिल्या सहामाहीत कर भरणाऱ्याला ५ टक्के सूट आणि वर्षभर न भरणाऱ्याला ५ टक्के दंड, ही तरतूद आहे. सूट बिलावर छापलेली नसते, म्हणून कुणाला माहीत नसते. ती छापा.

कायदेशीर वाट कलम १२९ ची: आधी बिल, १५ दिवसांत न भरल्यास मागणी लेख, त्यानंतर ३० दिवसांत न भरल्यास जप्ती. यात सगळं अडतं बिलाच्या पोचेवर. बिल शिपायानं दिलं, पण सही-अंगठा घेतला नाही, तर पुढची पायरी लंगडी. नमुना ९-क चं बिल दोन प्रतींत काढून स्थळप्रतीवर तारखेसह सही घ्यावी. घेणारा नकार देत असेल तर दोन पंचांसमक्ष दारावर लावून पंचनामा करावा. थकबाकीदारांची यादी राष्ट्रीय लोकअदालतीत देणं हा मधला, बरा मार्ग आहे. तिथं तडजोडीनं हप्ते बांधून मिळतात आणि जप्तीची कटुता टळते.

एक कलम सदस्यांनी पाठ करावं असं आहे. कलम १४ नुसार, बिल रीतसर बजावल्यापासून तीन महिन्यांत ज्यानं पंचायतीचा कर भरला नाही, तो सदस्य म्हणून अपात्र ठरतो. निवडणुकीचा अर्ज भरताना थकबाकी नसल्याचा दाखला घेतात आणि पुढची चार वर्षं पाहत नाहीत. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात सरपंच आणि सगळ्या सदस्यांची घरपट्टी भरून त्या पावत्यांची यादी फलकावर लावली, तर वसुलीची अर्धी मोहीम झाली असं समजा.

थकबाकीत मोठ्या सवलतीची मागणी गावोगाव होते. ज्यानं पोटाला चिमटा काढून वेळेत भरलं, त्याला काय सांगायचं? सवलत द्यायचीच असेल तर दंडात द्यावी आणि फक्त चालू वर्ष पूर्ण भरणाऱ्याला द्यावी. मूळ करात सवलत एकदा दिली की पुढच्या सवलतीची वाट पाहत लोक थांबतात.

वसूल झालेला पैसा त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी बँकेत गेला पाहिजे. अपहाराची प्रकरणं मोठ्या बांधकामात असतात असं वाटतं. लेखापरीक्षणात मात्र नमुना १० ची पावती फाडली आणि रोकड वहीत, म्हणजे नमुना ५ मध्ये, ती आली नाही, असेच आक्षेप पुन्हा पुन्हा दिसतात. पावती पुस्तकांना अनुक्रमांक, त्यांची साठा नोंद, कोणतं पुस्तक कुणाकडे दिलं याची सही, आणि महिन्याला एकदा पावत्यांची बेरीज पासबुकाशी ताडणं: हे अर्ध्या दिवसाचं काम आहे. क्यूआर कोड लावला तर पैसा थेट ग्रामनिधीच्या खात्यात जातो, पण त्याचीही पावती फाडून नमुना ९ ला खतवणी करावी लागते. नाहीतर भरणारा मार्चमध्ये थकबाकीदार म्हणून फलकावर येतो, आणि मग तो परत कधी भरत नाही.

पाणीपट्टीचा खरा आकडा

जलजीवन मिशननं नळ दिले, टाक्या उभ्या केल्या, माणशी रोज ५५ लिटरचं मानक दिलं. योजना चालवायची ग्रामपंचायतीनं. पाणीपट्टी किती हवी, हे बहुतेक गावांत शेजारच्या गावावरून ठरतं. ते आपल्या खर्चावरून ठरवायला हवं.

दोन हजार वस्ती, पाचशे नळ. रोज १ लाख १० हजार लिटर. साडेसात अश्वशक्तीची पाणबुडी मोटर तासाला सहा-सात युनिट खाते. रोज सहा तास चालली तर महिन्याला साधारण १,२०० युनिट. युनिटला ६ रुपये धरले (आपल्या बिलावरचा दर घ्या, स्थिर आकारासह) तर महिन्याचे ७,२०० आणि वर्षाचे ८६,४००. पाणी सोडणाऱ्या कर्मचाऱ्याचे महिन्याला ८ हजार धरले तर ९६ हजार. पाणी शुद्ध करायची टीसीएल (ब्लीचिंग) पावडर हजार लिटरला ५ ग्रॅम, म्हणजे रोज ५५० ग्रॅम, वर्षाला २०० किलो. ४० रुपये किलोनं ८ हजार. वाइंडिंग, गळती, व्हॉल्व्ह, स्टार्टर यांना ४० हजार. एकूण २ लाख ३० हजार ४००.

पाचशे नळांवर भागले तर नळामागे वर्षाला ४६१ रुपये. पण वसुली ७० टक्केच होत असेल तर साडेतीनशे नळांनाच सगळा भार उचलावा लागतो: ६५८ रुपये. हा आकडा ग्रामसभेत फळ्यावर लिहून दाखवावा. न भरणाऱ्या दीडशे जणांचं पाणी कोण भरतंय, ते त्यात सगळ्यांना दिसतं.

तापीकाठच्या केळीपट्ट्यात भूजल खोल गेलं आहे. तिथं साडेसातची मोटर पुरत नाही, पंधरा-वीस अश्वशक्ती लागते, आणि वीजबिल त्याच हिशोबात दुप्पट-तिप्पट होतं. तरी तिथली पाणीपट्टी उथळ विहिरीच्या गावाएवढीच ठेवलेली असते. मग वीजबिल थकतं, जोडणी तुटते, आणि ऐन एप्रिलमध्ये टँकरचा प्रस्ताव जातो. बंधित निधीतून पाणी योजनेची देखभाल-दुरुस्ती करता येते, पण तो हप्ता केव्हा येईल यावर वीज कंपनी थांबत नाही.

बिघाड कुठून येतो तेही सांगतो. व्होल्टेज कमी असताना मोटर चालू ठेवली की वाइंडिंग जळतं. स्टार्टरमधला ओव्हरलोड रिले नादुरुस्त आहे म्हणून तार टाकून सरळ जोडणी केली की हमखास जळतं. रिले काही शे-हजार रुपयांचा, वाइंडिंग त्याच्या कित्येक पट. गल्लीत नळाला थेट मोटारपंप लावणाऱ्यांमुळे शेवटच्या घरांना पाणी येत नाही, आणि पाणीपट्टी न भरणाऱ्यांत ही शेवटची घरंच जास्त असतात. त्यांना नोटीस देण्याआधी वरच्या गल्लीतले पंप काढा. पाणीपुरवठ्याचं बँक खातं वेगळं ठेवा, आणि त्यातून दरवर्षी निदान २५ हजार मोटर बदलण्यासाठी बाजूला काढा. आठ-दहा वर्षांनी पंपसंच बदलावाच लागतो.

गाळे, बाजार, यात्रा

गावच्या चौफुलीवर गाळे काढायचे असतील तर जिल्हा ग्रामविकास निधीतून कर्ज मिळू शकतं; त्या निधीत प्रत्येक ग्रामपंचायत उत्पन्नाच्या ०.२५ टक्के भरतच असते. दहा गाळे, प्रत्येकी १२० चौरस फूट, फुटाला १,५०० धरले तर १८ लाख. प्रत्येकी ५० हजार अनामत घेतली तर ५ लाख सुटतात. भाडं महिन्याला दीड हजार, दहांचे वर्षाला १ लाख ८० हजार. उरलेले १३ लाख व्याज सोडून सात-सव्वासात वर्षांत फिटतात. लिलाव जाहीर झाला, भाडेवाढ करारात लिहिली आणि पोटभाडेकरूला मनाई केली, तर हे जमतं. तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांच्या मंजुरीशिवाय करू नये. असे करार वैध ठरत नाहीत आणि मग भाडेकरू भाडंही देत नाही, गाळाही सोडत नाही. बांधण्याआधी जागेचा उतारा ग्रामपंचायतीच्या नावे आहे का ते पाहा.

आठवडे बाजाराच्या फीचा लिलाव गेल्या तीन वर्षांच्या सरासरीवर आधारभूत किंमत लावून करावा, आणि किती फूट जागेला किती फी हा दरफलक बाजारात लावावा. सारंगखेड्यासारखी दत्तजयंतीची मोठी यात्रा असेल तर पाणी, दिवाबत्ती आणि सफाईचा खर्च आधी काढून फी ठरवावी.

पाड्याचा पैसा पाड्यावर

अक्कलकुवा, धडगाव, तळोदा, नवापूर हे तालुके अनुसूचित (आदिवासी) क्षेत्रात. शहादा, नंदुरबार, साक्री, शिरपूर, चोपडा, यावल, रावेर यांचा काही भाग. इथं १९९६ चा पेसा कायदा, म्हणजे अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणारा कायदा, आणि त्याचे २०१४ चे नियम लागू आहेत, आणि आदिवासी उपयोजनेतला ५ टक्के अबंध निधी थेट पंचायतीकडे येतो. तो चार भागांत खर्चायचा: पायाभूत सुविधा, वनहक्क व पेसाची अंमलबजावणी, आरोग्य-स्वच्छता-शिक्षण, आणि वनसंवर्धन-वन्यजीव व जलसंधारण. पैसा ग्रामसभा कोषात जातो आणि ठरवते ग्रामसभा.

एका ग्रामपंचायतीत पाच-सहा पाडे असतात. मोठ्या गावच्या ग्रामसभेत डोंगरावरचा पाडा येत नाही, त्याचा पैसा खाली गावदरवाजाच्या कमानीत जातो. याला नियमांत उत्तर आहे: पाडा ठराव करून स्वतःला वेगळं गाव घोषित करण्याची प्रक्रिया उपविभागीय अधिकाऱ्यामार्फत सुरू करू शकतो. तसं झालं की त्याची ग्रामसभा वेगळी, कोष वेगळा, समिती वेगळी. कागदपत्रं थोडीच लागतात. नकाशा आणि मतदारांची यादी आधी तयार ठेवली की काम पुढं सरकतं. दुसरा धोका पुरवठादारांचा. वस्तू आधी ठरते आणि ठराव मागून येतो. भांडी, सौरदिवे, फवारणी पंप यांची खरेदी चार भागांपैकी कशात बसते, हे ठरावात लिहायला लावलं तर पुष्कळशी खरेदी तिथंच थांबते.

साक्री तालुक्यातल्या बारीपाड्यानं जंगल राखण्याचे नियम आणि दंड स्वतः ठरवले, वर्षानुवर्षं पाळले. त्या कामासाठी चैत्राम पवार यांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली. गौण वनोपजावरचा हक्क ग्रामसभेचा आहे. जंगल उभं असेल तरच त्या हक्कातून कोषात पैसा येतो, एवढं बारीपाड्याकडे पाहून कळतं.

दप्तरात काय पाहायचं

स्वतःच्या उत्पन्नातले १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला व बालकल्याणासाठी, ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात घाईनं साहित्य वाटून ते संपवतात. एप्रिलमध्येच मागणीच्या आकड्यावरून रक्कम काढून, दिव्यांगांची यादी ग्रामसभेत वाचून, तिमाहीनं दिले तर लेखापरीक्षणाचा आक्षेपही येत नाही आणि माणसाला उपयोगही होतो.

गावकऱ्यानं पाच गोष्टी मागाव्यात. नमुना ९ ची एकूण मागणी, त्यात चालू किती आणि मागील बाकी किती. नमुना १० च्या पावत्यांची महिन्याची बेरीज आणि पासबुकाची पानं. पाणीपुरवठ्याचं वीजबिल किती महिन्यांचं थकलं. शेवटची फेरआकारणी कोणत्या साली झाली. आणि ई-ग्रामस्वराजवर दाखवलेल्या कामापैकी गावात उभं कोणतं.

ग्रामसभेची गणपूर्ती मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांतली कमी संख्या. ती झाली नाही की सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. अर्थसंकल्प आणि कराचे दर अनेकदा अशा तहकूब सभेतच पंधरा माणसांत मंजूर होतात. नोटीस लागल्यावर विषयपत्रिकेत 'कर दर निश्चिती', 'फेरआकारणी' किंवा 'अंदाजपत्रक' हे शब्द दिसले तर पहिल्याच सभेला शंभर जण न्या, आणि ठराव वाचून दाखवेपर्यंत सही करू नका.